नीनकाठचं दुरोब्रिवे: रस्त्याकडेच्या एका गावाचं प्रकरण

लंडनहून उत्तरेकडे लिंकन आणि यॉर्कला जाणारा रोमन हमरस्ता, ज्याला पुढे अर्मिन स्ट्रीट असं नाव पडलं, सुमारे १३० किलोमीटरवर नीन नदी ओलांडत असे. आज तिथे पूलही नाही आणि रस्ताही नाही. वॉटर न्यूटन आणि चेस्टरटन या दोन छोट्या खेड्यांच्या मधे शेतं आहेत, आणि त्यांच्या कडेनं ए-वन महामार्गावरचे ट्रक भरधाव धावत असतात. त्या शेतांखाली दुरोब्रिवे नावाचं गाव आहे. तटबंदीच्या आतलंच क्षेत्र जवळजवळ १८ हेक्टर, आणि तटाबाहेरची उपनगरं धरली तर पसारा त्याच्या कितीतरी पट.

रोमन ब्रिटनमध्ये हमरस्त्यांच्या कडेनं अशी डझनावारी गावं उभी राहिली. अभ्यासक त्यांना सरसकट ‘लहान शहरं’ म्हणतात, आणि बहुतेक खरोखर लहानच राहिली: रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांची एक ओळ, एखादी धर्मशाळा, एखादं देऊळ, मागे दफनभूमी. दुरोब्रिवे या साच्यात बसत नाही. ते फुगलं, श्रीमंत झालं, त्याचा माल पार ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीवरच्या हेड्रियनच्या भिंतीपर्यंत पोचला, आणि मग ते इतकं पुसलं गेलं की मध्ययुगात त्या जागी साधी वाडीदेखील उरली नाही. त्याच रस्त्यावर दक्षिणेला, जेमतेम ३० किलोमीटरवर असलेलं त्याचं धाकटं भावंड गॉडमँचेस्टर मात्र आजही नांदतं गाव आहे. मोठं मेलं आणि लहान जगलं, ते का, हाच या प्रकरणाचा प्रश्न.

आधी छावणी, मग रस्ता, मग दुकानं

इ. स. ४३ मध्ये रोमन सम्राट क्लॉडियसच्या सैन्यानं ब्रिटनवर स्वारी केली. पुढच्या काही वर्षांत नववी लीजन, म्हणजे रोमन सैन्याची एक मोठी पलटण, उत्तरेकडे सरकत गेली, आणि नीनचं खोरं त्या वाटेवर पडलं. नदीच्या उत्तर काठावर लाँगथॉर्पला सुमारे ११ हेक्टरचा मोठा लष्करी तळ होता. अर्धी लीजन आणि तिच्यासोबतचं घोडदळ मावेल एवढा. १९६०-७० च्या दशकांत तिथे उत्खनन झालं तेव्हा मोठ्या तळाच्या आत नंतर आखलेला एक आखूड तट सापडला. इ. स. ६०-६१ मध्ये ब्रिटनमधली राणी बूडिका हिच्या बंडात नवव्या लीजनचा सेनानी पेटिलियस सेरियालिस पायदळ गमावून घोडदळासह आपल्या छावणीत पळाला, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. ती छावणी हीच, आणि उरलेल्या मूठभर सैनिकांना एवढा लांब तट राखता येईना म्हणून तो आत ओढला, असा उत्खनकांचा तर्क आहे. तर्कच आहे, पण बसतो चांगला.

दुसरा, छोटा किल्ला नेमका नदीच्या उताराशी, म्हणजे ती ओलांडायच्या जागेशी होता, वॉटर न्यूटनच्या बाजूला. तो हवाई छायाचित्रांतून कळला. आपल्या गावाचं मूळ इथे आहे. जिथे शिपाई, तिथे पगार. जिथे पगार, तिथे दारू, चामडं, नालबंद आणि उधारी. छावणीच्या दाराशी अशी वस्ती जमणं हे साम्राज्यात सगळीकडे घडत आलं. पुढे सैन्य हललं की यातल्या बऱ्याच वस्त्या उठत. इथे ती उठली नाही, कारण शिपाई गेले तरी नदी ओलांडायची जागा तीच राहिली आणि रस्ता वाहता राहिला.

रस्त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याचं चित्र पुस्तकांत फार वेळा चुकीचं छापलं जातं. चार ठरावीक थरांचा, लॅटिन नावांनी सजवलेला तो प्रसिद्ध उभा छेद रोमन रस्त्यांचा नाहीच. ती नावं व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञानं घरातली फरसबंदी कशी करावी ते सांगताना दिली आहेत, आणि सतराव्या शतकात कुणीतरी ती रस्त्यांना चिकटवली. जागेवर खणलं की दिसतं ते साधं असतं: दोन्ही बाजूंना चर, मधे मातीचा उंच भराव, त्यावर जे जवळ मिळेल ते. नीनच्या खोऱ्यात नदीची वाळूमिश्रित खडी आणि चुनखडीचा दगड मुबलक, म्हणून तेच. मधे फुगवटा, कडेला उतार, म्हणजे पाणी साचत नाही. खड्डे पडले की वरून आणखी एक थर. त्यामुळे जुन्या रस्त्याची पाठ पिढ्यान्‌पिढ्या उंचावत जाते, आणि इथल्या शेतातून अर्मिन स्ट्रीटचा तो भराव आजही वरंब्यासारखा चालत गेलेला दिसतो.

नदीच्या उताराच्या पलीकडे लगेच वाटा फुटतात. अर्मिन स्ट्रीट वायव्येला लिंकनकडे जातो. त्यातून किंग स्ट्रीट नावाचा फाटा सरळ उत्तरेला निघतो. पूर्वेला फेन कॉजवे, म्हणजे फेन नावाच्या विस्तीर्ण दलदलीतून बांधाबांधानं नॉरफोकला जाणारा रस्ता. आणि खाली नीन, जी वॉश या उपसागराला मिळते, म्हणजे होड्यांनी थेट समुद्र. नकाशा समोर ठेवला की ‘इथे गाव झालं नसतं तरच नवल’ असं वाटतं. पण हे वाटणं फसवं आहे, त्याकडे गॉडमँचेस्टरच्या निमित्तानं येऊच.

आखणी कुणी केलीच नाही

दुरोब्रिवेच्या तटाच्या आत फारसं उत्खनन झालेलं नाही. जे कळलं ते बहुतांशी आकाशातून. कोरड्या उन्हाळ्यात गाडलेल्या भिंतींवरचं पीक लवकर पिवळं पडतं, बुजलेल्या खंदकांवरचं जास्त दिवस हिरवं राहतं, आणि विमानातून पाहिलं की अख्खा गावनकाशा उमटतो. १९३० च्या दशकापासून असे फोटो घेतले गेले.

त्या फोटोंत चौकटीत आखलेले रस्ते नाहीत. सिल्चेस्टरसारख्या शासनानं वसवलेल्या शहरात सरळ रस्ते काटकोनात छेदतात, मधोमध चौक आणि सभागृह. इथे अर्मिन स्ट्रीट तिरपा आरपार जातो आणि त्याला दोन्ही बाजूंनी वाकडेतिकडे बोळ येऊन मिळतात. सुचेल तसं, परवडेल तसं, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे. दगडी तट आणि खंदक नंतर आले, आणि तेही आधीच उभ्या असलेल्या वस्तीला वळसा घालत, म्हणून त्यांचा आकार ओबडधोबड बहुकोनी. याचा अर्थ, शहर आखून मग लोक बोलावले असं झालेलं नाही. लोक आधी आले.

रस्त्याकडेची घरं मात्र सगळीकडच्या एकाच ठशाची: दर्शनी बाजू अरुंद, मागे लांबट पट्टा. रस्त्यालगतची जागा मोलाची, म्हणून प्रत्येकाला थोडी थोडी. पुढे दुकान, मधे कारखाना, मागे राहणं, त्याच्याही मागे विहीर, उकिरडा आणि कधी भट्टी. पट्ट्यांच्या सीमा चरांनी आखलेल्या. नदीपलीकडच्या नॉर्मनगेट फील्ड या भागात, म्हणजे तटाबाहेर, हे पट्टे रस्त्याच्या दोन्ही कडांना दाटीनं लागलेले सापडले.

तटाच्या आत एक मोठी चौकाची इमारत हवाई फोटोंत दिसते. ती ‘मॅन्सिओ’ असावी, म्हणजे सरकारी प्रवाशांची धर्मशाळा. रोमन सरकारी टपाल-वाहतुकीसाठी ठरावीक अंतरावर घोडे बदलायचे नाके आणि साधारण दिवसाच्या मजलेवर मुक्कामाची ठाणी असत. लोकप्रिय लेखनात अशा गावांच्या भरभराटीचं श्रेय या मॅन्सिओला दिलं जातं. मला ते पटत नाही. तिथे फुकट उतरायला अधिकृत परवाना लागे, तो अधिकाऱ्यांना आणि हरकाऱ्यांना मिळे, आणि त्यांच्यासाठी जनावरं, गाड्या, वैरण पुरवण्याचा बोजा आजूबाजूच्या लोकांवर पडे. साम्राज्यभर या वेठीविरुद्ध तक्रारी झाल्या, सम्राटांनी वेळोवेळी हुकूम काढले, तरी ती थांबली नाही. मॅन्सिओमुळे गावाला सरकारी महत्त्व येतं, रस्त्याची डागडुजी होत राहते, हे खरं. पण पैसा आणतो तो गाडीवान, बैल विकायला निघालेला शेतकरी, मिठाचा व्यापारी.

माती

आणि इथे माती होती. दुरोब्रिवेची खरी गोष्ट मातीची आहे.

नीनच्या खोऱ्यात भाजल्यावर पांढरट, सायीच्या रंगाची होणारी उत्तम चिकणमाती मिळते. जवळच्या रॉकिंगहॅमच्या रानात सरपण अमाप आणि लोहखनिजही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इथल्या कुंभारांनी एक नवीन प्रकारची भांडी घडवायला घेतली: पांढरट अंगाची, पण बाहेरून तपकिरी, काळ्या किंवा नारिंगी लेपाची. जुने संग्राहक त्यांना ‘कॅस्टर वेअर’ म्हणत, आता ‘नीन व्हॅली’ असं म्हणतात. ही शैली ऱ्हाइनकाठच्या कोलोन परिसरातल्या भांड्यांशी इतकी जुळते की पहिले कारागीर तिकडून आले असावेत असं बरेच अभ्यासक मानतात.

यातला एखादा प्याला हातात घेऊन पाहावा. भिंत पातळ, तोंड किंचित आत वळलेलं. पोटावर एक कुत्रा सशामागे धावतो आहे, मधे वेलीचं वळण, पुढे बहुधा हरीण. ही चित्रं साच्यातली नाहीत. कच्च्या भांड्यावर दाट मातीचा घोळ बारीक तोंडातून पिळत, मेंदीचा कोन फिरवावा तसं, हातानं काढलेली आहेत. कुत्र्याची पाठ एका ओढीत आलेली असते, पाय चार फटकाऱ्यांत. घाईचं काम, पण सराव इतका की ओढ चुकत नाही. नंतर भांडं उलटं धरून लोहयुक्त पातळ घोळात बुडवलं जाई, आणि ज्या बोटांनी ते बुडाशी धरलं त्यांचे ठसे लेपात तसेच राहून भाजले गेलेले कित्येक भांड्यांवर दिसतात. भट्टीत हवा खेळती ठेवली तर लेप नारिंगी-तांबडा, कोंडली तर काळपट. एकाच भांड्यावर दोन्ही छटा असतील तर ते रचाईत शेजारच्या भांड्याला टेकलं होतं.

प्यालेच नाही, तर झाकणाचे डबे, सुरया, ताटल्या, आणि ‘मॉर्टारियम’ हे जाड काठाचं, ओतायला चोच असलेलं वाटणाचं पात्रही. मॉर्टारियमच्या आतल्या अंगात खडबडीतपणा यावा म्हणून ओल्या मातीत कण दाबत. दुसरीकडचे कुंभार त्यासाठी गारगोटीचा चुरा वापरत, इथल्यांनी काळी लोहखडी आणि लोखंडाच्या भट्टीतली धातुमळी वापरली. एका धंद्याचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल. त्यामुळे ब्रिटनमध्ये कुठेही पांढऱ्या अंगात काळे कण असलेलं असं खापर निघालं की जाणकार नीनच्या खोऱ्याचं नाव घेतात.

भट्ट्या गोल, जमिनीत अर्ध्या उतरवलेल्या. खाली जाळ, मधे मातीच्या दांड्यांची जाळी, वर भांड्यांची उतरंड, त्यावर दर वेळी नव्यानं लिंपायचा घुमट. ही माहिती प्रथम गोळा केली ती एडमंड टायरेल आर्टिस या माणसानं. तो कुणी प्राध्यापक नव्हता, जवळच्या मिल्टन हॉलमध्ये अर्ल फिट्झविल्यमचा कारभारी होता. १८२० च्या दशकात मालकाच्या जमिनींवर त्यानं खणाखणी केली, भट्ट्या, फरशा, भिंती काळजीनं चितारल्या आणि १८२८ मध्ये त्यांचा चित्रसंच छापला. धूर कोंडून करड्या भांड्यांना रंग कसा आणत असतील याचाही त्यानं उलगडा करून पाहिला. त्या काळातले बहुतेक हौशी उत्खनक नाणी आणि मूर्ती शोधत असताना हा गृहस्थ राखेचे थर पाहत होता, हे मला त्याचं मोठेपण वाटतं.

माल खपायचा कुठे? सर्वत्र, पण ठळकपणे उत्तरेला, जिथे हेड्रियनच्या भिंतीवर हजारो पगारी शिपाई होते. आता विचार करा, प्याले आणि सुरया खडबडीत रस्त्यावरून बैलगाडीनं साडेतीनशे किलोमीटर न्यायच्या तर फूटतूट किती आणि भाडं किती. रोमन जगात जड किंवा नाजूक माल रस्त्यानं नेणं पाण्यापेक्षा कित्येक पट महाग पडे. म्हणून भट्टीपासून धक्क्यापर्यंत गाडी, तिथून नीननं होडी, वॉशमधून पूर्व किनाऱ्यानं जहाज, असाच मुख्य मार्ग असणार. अर्मिन स्ट्रीटनं गिऱ्हाईक, बातमी, सरकारी माणूस आणि आसपासच्या बाजारांचा किरकोळ माल आणला-नेला. घाऊक माल नदीनं गेला.

तिसऱ्या शतकाच्या मध्यात गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूनं, येणारी ‘सेमियन’ ही चकचकीत तांबडी भांडी बंद झाली. ब्रिटनमधल्या सुखवस्तू घरांच्या जेवणाच्या टेबलावर एकदम जागा रिकामी झाली, आणि नीनच्या कुंभारांनी ती भरून काढली. सेमियनच्या घाटांच्या ताटल्या आणि वाडगे ते आपल्या लेपात करू लागले. चौथ्या शतकातलं त्यांचं उत्पादन पाहिलं की नक्षी कमी, माल जास्त, असा बदल जाणवतो. कुत्रा-ससा गेले, घरोघरी लागणारी भांडी आली. कलेच्या दृष्टीनं उतरण, धंद्याच्या दृष्टीनं चढती कमान.

गॉडमँचेस्टरशी पडताळा

आता धाकट्या भावंडाकडे येऊ. गॉडमँचेस्टरलाही अर्मिन स्ट्रीटच, तिथेही नदीचा उतार (ग्रेट ऊझ), तिथेही रस्त्यांचा फाटा, सुरुवातीला तिथेही किल्ला. उलट तिथली मॅन्सिओ आणि तिचं स्नानगृह प्रत्यक्ष उत्खननात सापडलं आहे, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं, चांगलं ऐसपैस. म्हणजे ‘उतार + फाटा + सरकारी ठाणं’ हे समीकरण दोन्हीकडे सारखं. तरी गॉडमँचेस्टरच्या तटाच्या आतलं क्षेत्र सुमारे ११ हेक्टरच भरतं, आणि दूरवर नाव गाजेल असा उद्योग त्याला कधी लाभला नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं बाजारगाव, एवढीच त्याची ऐपत.

दोघांतला फरक माती, सरपण, लोखंड आणि मालवाहू नदी हे चारही एकत्र मिळण्याचा आहे. रस्त्यानं दोघांनाही जन्म दिला आणि दोघांनाही जवळपास सारखीच शिदोरी दिली. वरची सगळी वाढ दुरोब्रिवेनं स्वतःच्या भट्ट्यांवर कमावली.

ना खेडं, ना शहर

एवढं मोठं झालेल्या या गावाचा कागदोपत्री दर्जा काय? इथल्या एका मॉर्टारियमवर ते ‘दुरोब्रिवेच्या विकस’मध्ये घडवल्याची नोंद आहे. विकस म्हणजे स्वतःची सनद नसलेली वस्ती. आणखी एका खापरावर सेन्नियानस नावाचा कुंभार अभिमानानं सांगतो की हे दुरोब्रिवेत त्यानं भाजलं आहे. कुंभारानं स्वतःच्या नावासोबत गावाचं नाव घालावं, म्हणजे त्या नावाला बाजारात वजन होतं.

पण एक मैलाचा दगड वेगळं सुचवतो. तो या परिसरातच सापडला आणि त्यावर सम्राट फ्लोरियनसचं नाव असून शेवटी अंतर आहे: १ मैल. मैल मोजायला सुरुवात सहसा प्रशासकीय केंद्रापासून होते. जर इथे दुरोब्रिवेपासून मोजलं जात असेल, तर तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते कुठल्यातरी प्रदेशाचं मुख्य ठाणं बनलं असणार. मला हे मान्य आहे. मडक्यावरचा ‘विकस’ आधीच्या काळातला, दगड नंतरचा, दोघांत भांडण नाही.

त्या दगडाची आणखी एक गंमत. फ्लोरियनस इ. स. २७६ मध्ये तीन महिनेही गादीवर टिकला नाही, आशिया मायनरमध्ये टार्ससजवळ त्याच्याच सैनिकांनी त्याला मारलं. तेवढ्या अवधीत त्याच्या राज्यारोहणाची बातमी साम्राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली, कुणीतरी पाथरवटाला काम दिलं आणि दगड रोवूनही झाला. तिसऱ्या शतकात मैलाचे दगड अंतर दाखवण्यापेक्षा निष्ठा दाखवायला जास्त उभारले जात. तरीही, बातमी आणि हुकूम या वेगानं पोचण्यासाठी रस्ता धड असावा लागतो.

दर्जा वाढल्याची दुसरी खूण नदीपलीकडे टेकडीवर आहे. कॅस्टर गावात, आजच्या चर्चच्या आणि आजूबाजूच्या घरांच्या खाली, तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बांधलेली एक अवाढव्य इमारत आहे. उतारावर टप्पे पाडून बांधलेली, रोमन ब्रिटनमधल्या सगळ्यात मोठ्या वास्तूंपैकी एक, खालचं अख्खं खोरं नजरेत राहील अशी. आर्टिसनंच ती प्रथम ओळखली. श्रीमंत कुंभाराचा बंगला म्हणायला ती फारच मोठी आहे. फेनमधल्या मीठ-लोकर-जनावरांच्या उत्पन्नावर देखरेख करणाऱ्या बड्या अधिकाऱ्याचं ते ठाणं असावं, हे मत मला सगळ्यात सयुक्तिक वाटतं. कुंभारांच्या गावाकडे सरकारचं लक्ष गेलं ते असं, गाव श्रीमंत झाल्यावर.

१९७५ मध्ये तटाच्या आतल्या नांगरलेल्या शेतात सापडलेल्या चांदीच्या ठेव्याबद्दल बोलल्याशिवाय दुरोब्रिवेवर कुणी लिहीत नाही, म्हणून थोडक्यात: चांदीच्या २७ वस्तू आणि सोन्याची एक चकती, चौथ्या शतकातल्या, बहुतेकांवर ख्रिस्ताचं ‘खी-ऱ्हो’ चिन्ह. साम्राज्यात कुठेही सापडलेला ख्रिस्ती उपासनेच्या चांदीचा हा सर्वांत जुना ज्ञात संच, आता ब्रिटिश म्युझियममध्ये. एका वाडग्यावर पब्लियानस नावाच्या माणसाची प्रार्थना आहे, इनोसेंशिया आणि व्हिव्हेंशिया या बायकांचीही नावं आहेत. त्रिकोणी नवसाचे पत्रे मात्र जुन्या देवळांत वाहत तसेच, फक्त चिन्ह नवं. देव बदलला तरी नवस फेडायची रीत तीच. ठेवा अप्रतिम आहे, पण त्याच्या झगमगाटात भट्ट्या झाकोळल्या जातात, ही माझी तक्रार.

मोठं गाव मेलं कसं

चौथ्या शतकाच्या अखेरीला या गावाचे खांब एकेक करून निखळले. सर्वांत आधी गिऱ्हाईक. उत्तरेच्या सैन्याला रोख पगार येणं थांबलं. पाचव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर ब्रिटनला नवी नाणी येईनाशी झाली. तिथली रोमन सत्ता साधारण ४१० मध्ये संपली. मोठ्या प्रमाणावर चाकावरची भांडी करून शेकडो किलोमीटर पाठवायची तर पगार, नाणं, जहाज आणि सुरक्षित किनारा हे सगळं एकाच वेळी चालू असावं लागतं. यातलं काहीच चालू राहिलं नाही. एका-दोन पिढ्यांत ब्रिटनभर कुंभाराचं चाकच थांबलं, लोक हातानं थापलेल्या मडक्यांवर आले. जे गाव भट्टीवर मोठं झालं होतं त्याला हा घाव सर्वांत खोल लागला. गॉडमँचेस्टरचं असं काही बुडालंच नाही, कारण त्याचं तसं काही नव्हतंच.

एवढ्यानंही गाव आटून लहान झालं असतं, अगदी नाहीसं झालं नसतं. नाहीसं होण्यामागे पूल आहे. पूल सतत निगा मागतो, आणि निगा राखणारं सरकार गेलं. मध्ययुगात उत्तरेकडची वाहतूक पुन्हा वाढली तेव्हा ग्रेट नॉर्थ रोड, म्हणजे लंडनहून उत्तरेला जाणारा नवा हमरस्ता, दक्षिणेकडून अर्मिन स्ट्रीटच्याच मागावर वॉटर न्यूटनपर्यंत येतो, आणि तिथे नदी न ओलांडता पश्चिमेला वळून तीन-चार किलोमीटरवर वॉन्सफर्डला पुलानं पार होतो. पुढे स्टॅमफर्डच्या आसपास पुन्हा जुन्या रेषेला येऊन मिळतो. नकाशावर हे वळण ठसठशीत दिसतं. जुन्या गावाच्या जागी उतार राहिला नाही, फाटा राहिला नाही, मग सराईवाल्यानं तिथे बसून करायचं काय? सराया वॉन्सफर्डला गेल्या. तटाचा आणि घरांचा दगड आजूबाजूच्या बांधकामांना लागला.

ऊझवर मात्र ओलांडण्याची जागा हलली नाही. गॉडमँचेस्टर आणि हंटिंग्डन यांच्या मधे चौदाव्या शतकात बांधलेला दगडी पूल आजही आहे, आणि गॉडमँचेस्टरला १२१२ मध्ये राजा जॉनकडून सनदही मिळाली. रोमन काळात ज्याला नाव घेण्यासारखा उद्योग नव्हता त्या गावाला पूल पुरला.

कॅस्टरच्या टेकडीवर सातव्या शतकात मर्सिया या अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा पेंडा याची मुलगी किनबर्गा हिनं त्या अवाढव्य इमारतीच्या अवशेषांतच मठ काढला. तिथल्या चर्चवर ११२४ हे अर्पणवर्ष कोरलेलं आहे, आणि भिंतींत रोमन दगड ओळखू येतात. पण खोऱ्याचं केंद्र तोवर आठ किलोमीटर पूर्वेला, मेडेसहॅमस्टेडच्या मठाभोवती सरकलं होतं. तेच आजचं पीटरबरो. तेही बरीच शतकं मध्यम आकाराचंच राहिलं. १८५० मध्ये लंडनहून थेट रेल्वे तिथे पोचली, आणि १८८० च्या दशकात शहराच्या दक्षिणेला फ्लेटन इथे खोल चिकणमातीचा असा थर हाती लागला की त्यातच जळाऊ अंश असल्यामुळे विटा भाजायला इंधन फार थोडं लागे. फ्लेटनच्या विटा वाघिणी भरभरून लंडनला जाऊ लागल्या, आणि विसाव्या शतकातल्या लंडनचा मोठा भाग त्यांनीच बांधला गेला.